दारू, झोप आणि राहून गेलेला दहावा: करोनानंतर घरोघरी विचारले जाणारे प्रश्न

दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही काही बायका एका शाळेच्या वर्गात जमतो. कुणाचा नवरा पितो, कुणाचा मुलगा, एकीची तर आई. २०२०च्या आधी आम्ही सहा-सात जणी असायचो, करोनानंतर सतरंज्या पुरेनात. नवी बाई आली की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती काय विचारणार हे आता आम्हाला पाठ झालंय. ते प्रश्न इथे लिहिले आहेत. उत्तरं काही आमच्या अनुभवातली आहेत, काही आम्हाला डॉक्टरांनी आणि समुपदेशकांनी पुन्हा पुन्हा समजावून सांगितलेली. मी डॉक्टर नाही. माझा नवरा टेम्पो चालवतो, बारा वर्षं पीत होता, आता पीत नाही. एवढ्याच अधिकाराने लिहिते आहे.

लॉकडाउन संपून इतकी वर्षं झाली. आताच्या पिण्याचा त्याच्याशी काय संबंध?

कितीतरी घरांत हा संबंध तारखेनिशी सांगता येतो. २४ मार्च २०२०च्या रात्री सगळं बंद झालं, दारूची दुकानंही. मे महिन्यात काही ठिकाणी ती उघडली तेव्हाच्या रांगा आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या. मग राज्यात घरपोच दारूला परवानगी मिळाली. या सगळ्यात एक गोष्ट गुपचूप बदलली. जी दारू गुत्त्यावर, परमिट रूममध्ये, शेताच्या बांधावर प्यायली जायची ती घरात आली. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या पेल्यात, पोरांच्या ऑनलाइन तासाच्या वेळी. लॉकडाउन उठला, पण घरात शिरलेली बाटली काही बाहेर गेली नाही.

त्यात कुणाची नोकरी गेली होती, कुणाचं दुकान बसलं होतं, कुणी ऑक्सिजनसाठी घर गहाण टाकलं होतं. महामारीच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण २५ टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये सांगितलं. आपल्याकडे हे ओझं घेऊन डॉक्टरकडे जाणारे किती? बहुतेकांना त्यावरचं औषध कोपऱ्यावरच्या दुकानात दिसलं.

आधी तो फक्त शनिवारी घ्यायचा. आता व्यसन झालं असं कधी म्हणायचं?

किती पितो हे मोजण्यात बायकांची वर्षं जातात. क्वार्टर की हाफ, देशी की इंग्लिश. मोजू नका, बाकीचं बघा. ठरवून एकच पेग घ्यायला बसतो आणि थांबता येत नाही, असं होतंय का? पूर्वी जेवढीवर भागायचं तेवढीवर आता भागत नाही का? सकाळी हात थरथरतात आणि घोट घेतला की थांबतात का? कामाचे खाडे, उधारी, अपघात होऊनही चालूच आहे का? दिवसभर डोक्यात संध्याकाळचीच जुळवाजुळव असते का? यातल्या दोन-तीन गोष्टी वर्षभरात दिसल्या असतील तर डॉक्टरांना दाखवायची वेळ झाली आहे. सकाळची थरथर एकटी दिसली तरी दाखवा.

आणि हे फक्त तुमच्याच घरात आहे असं समजू नका. एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने केंद्र सरकारसाठी केलेलं देशभराचं सर्वेक्षण २०१९मध्ये आलं. त्यात दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज असलेले ५.७ कोटींहून जास्त लोक निघाले. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलातरी उपचार मिळाला होता. हे करोनाच्या आधीचं.

घरातच कोंडून ठेवलं तर सुटेल ना? चार दिवस त्रास होईल, मग ठीक होईल.

हा प्रश्न आला की मी बाकी सगळं बाजूला ठेवते. कृपा करून असं करू नका.

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तुटली की मेंदू खवळतो. वर्षानुवर्षं दारूने त्याला दाबून ठेवलेलं असतं, तो दाब निघतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम सुटतो, उलट्या होतात, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काही जणांना भ्रम होतो. नसलेलं दिसतं, ऐकू येतं, आपण कुठे आहोत हे कळत नाही, ताप चढतो, छाती धडधडते. डॉक्टर याला डीटी म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस जातो.

एप्रिल २०२०मध्ये आमच्या घरी हेच झालं. दारू मिळत नव्हती आणि मी देवापुढे दिवा लावून म्हणत होते की बरं झालं. दुसऱ्या रात्री ते चादरीवरून मुंग्या वेचायला लागले. चादर पांढरी, मुंगी एकही नाही. पहाटे गादीवर मांडी घालून बसले आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवायला लागले. मला म्हणाले, "बाजूला हो, घाट लागलाय." मी बाजूला झाले. मला वाटलं झोपेत बडबडतायत. थोड्या वेळाने फिट आली, डोकं भिंतीवर आपटलं. १०८ची गाडी आली, सरकारी रुग्णालयात सहा दिवस ठेवलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "बंद झाल्या दिवशीच का नाही आणलंत?" त्या रागावून बोलल्या नव्हत्या, पण अजून आठवलं की पोटात कालवतं.

दारू सुरक्षित सोडवता येते. डॉक्टर काही दिवस शांत करणाऱ्या गोळ्या देतात आणि त्या ठरवून उतरवत नेतात, जोडीला बी-१ म्हणजे थायमिन देतात. अशक्तपणा आलाय म्हणून ओळखीच्या कंपाउंडरकडून नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावून घेऊ नका. थायमिन न देता ग्लुकोज दिलं तर अशा माणसाच्या मेंदूला इजा होऊ शकते. ज्याला आधी फिट येऊन गेली आहे, ज्याला दुसरे आजार आहेत, जो सकाळपासून पितो, त्याने तर दाखल होऊनच सोडावी.

आणि दारू मिळत नाही म्हणून माणूस काय पिईल याचा नेम नसतो. एप्रिल २०२१मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारूऐवजी सॅनिटायझर प्यायल्याने माणसं दगावली. ते मूर्ख होते असं ज्यांना वाटतं त्यांनी ती तलफ जवळून पाहिलेली नाही.

मग लॉकडाउनमध्ये काही जणांची आपोआप कशी सुटली?

ज्यांना शरीराने दारूची सवय लागली नव्हती त्यांना त्रास झाला नाही. काहींची खरंच कायमची सुटली, त्याचा आनंदच आहे. पण बहुतेकांची सुटली नव्हती, अडली होती. दुकान उघडलं तशी ती परत आली, कारण ज्यासाठी ते पीत होते ते तसंच होतं.

आधी मन आजारी पडलं की आधी दारू आली?

दोन्ही एकमेकांचा हात धरून येतात. उपचारही दोन्हींवर एकाच वेळी लागतात. नुसती दारू सोडवून पाठवलेला माणूस आतल्या दुःखासह घरी येतो.

आमच्याकडे एक ताई मुलाला घेऊन यायची. मुलगा तिशीतला, चांगल्या नोकरीत. वडील दुसऱ्या लाटेत गेले. रुग्णालय रोज संध्याकाळी सातला फोन करून ऑक्सिजनचा आकडा सांगायचं. ८८. ८५. ८६. एका संध्याकाळी सातला फोन आला तो आकडा सांगायला नव्हता. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह त्याने लांबून पाहिला, तोंड बघायला मिळालं नाही. तो स्वतः पॉझिटिव्ह, आई पॉझिटिव्ह. दहावा नाही, तेरावा नाही, दारात कुणी येऊन बसलं नाही. पुढे दोन वर्षं तो रोज पावणेसातला बाटली उघडायचा. सातच्या आत डोकं बधिर व्हायला हवं म्हणून. हे त्याला स्वतःलाही कळलं नव्हतं, समुपदेशकाने वेळ विचारली तेव्हा कळलं.

आपल्याकडे माणूस गेला की तेरा दिवस घर भरलेलं असतं. चूल पेटत नाही, शेजारचे डबे आणतात, म्हाताऱ्या बाया येऊन गळ्यात पडतात आणि रडवतात. त्या रडवण्याला काम असतं. २०२० आणि २०२१मध्ये हजारो घरांना ते मिळालं नाही. मग ते रडणं गेलं कुठे? कुणाच्या ग्लासात, कुणाच्या रागात, कुणाच्या रात्रभर चालू असलेल्या मोबाईलमध्ये. त्या मुलाने पुढे उपचार घेतले, दाखल झाला. मधल्या काळात आईने आणि त्याने नदीवर जाऊन वडिलांचे राहून गेलेले विधी केले. त्याने दारू सुटली असं मी म्हणणार नाही, दारू औषधाने आणि समुपदेशनाने सुटली. पण त्या दिवशी तो पहिल्यांदा रडला.

तुमच्या घरी असं कुणी गेलं असेल तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. दारू किती पितो एवढंच सांगून उठू नका.

जेवणात कालवून द्यायचं औषध मिळतं म्हणतात. त्याला न सांगता दिलं तर?

देऊ नका. अशा पुड्यांमध्ये काय असतं ते लिहिलेलं नसतं. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, डॉक्टर ते रुग्णाच्या संमतीने आणि तपासण्या करून देतात. ते घेतल्यावर दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छातीत धडधडतं, रक्तदाब कोसळू शकतो. ज्याला माहीत असतं तो घाबरून पीत नाही, आणि औषध त्यासाठीच आहे. ज्याला माहीत नाही तो नेहमीसारखा पिणार आणि जिवावर बेतणार. शिवाय ज्या दिवशी त्याला कळेल की बायकोने आमटीत काहीतरी घातलं, त्या दिवसापासून तो तुमच्या हातचं खाणार नाही. तलफ कमी करणारी दुसरी औषधंही आहेत. ती उघडपणे द्या.

तो डॉक्टरकडे यायलाच तयार नाही. काय करू?

तुम्ही या. एकट्या या.

बायकांना हे पटत नाही. "पितो तो, मी कशाला जाऊ?" पण घरातलं एक माणूस शिकलं की घरातली हवा बदलते. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांच्या बायकांसाठी सहचरी म्हणून वेगळा गट आहे. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६मध्ये हे केंद्र सुरू केलं आणि पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला आर्थिक आधार दिला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण तिथे घरच्यांकडेही तेवढंच लक्ष देतात, हे कमी जणांना माहीत असतं. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या गटाच्या जोडीने घरच्यांसाठी अल-अनॉनच्या सभा असतात, त्याही अशाच.

बोलायचं तर रात्री बोलू नका. प्यायलेल्या माणसाशी घातलेला वाद सकाळी फक्त तुम्हाला आठवतो. सकाळी, चहा झाल्यावर, शांतपणे, काल काय घडलं तेवढंच सांगा. "तू नेहमीच असं करतोस" म्हणण्याऐवजी "काल तू गाडी घेऊन आलास तेव्हा पोरगी दारामागे लपली होती" असं. धमकी द्यायची असेल तर पाळता येईल तेवढीच द्या. माहेरी निघून जाईन असं शंभरदा म्हटलं की त्याची किंमत जाते. त्याच्या साहेबाला "ताप आहे" म्हणून खोटा फोन करणं आणि दुकानाची उधारी मुकाट्याने भरणं थांबवा. हे आम्ही सगळ्यांनी प्रेमापोटीच केलं. पण त्यामुळे पिण्याचे चटके त्याच्यापर्यंत पोचले नाहीत.

आणि एखाद्या सकाळी तो स्वतःच "कंटाळा आला याचा" म्हणाला तर ती सकाळ सोडू नका. कुठे जायचं, कुणाला फोन करायचा, पैसे किती लागतील हे आधीच शोधून ठेवा. दुपारपर्यंत विचार बदललेला असतो.

जायचं कुठे? आमच्याकडे पैसे नाहीत.

पैसे नसले तरी दारं उघडी आहेत. फोनपासून सुरुवात करा. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा नंबर, केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ला सुरू केला. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी वेगळा नंबर १४४४६. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६. फोनवर नाव सांगायची सक्ती नसते. आमच्यातल्या एकीने पहिला फोन शेतातून केला होता, घरात सासू ऐकेल म्हणून.

मग जिल्हा रुग्णालय. तिथे मनोविकार विभागाची ओपीडी असते, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं असतात, गोळ्या तिथेच मिळतात. कोणत्या वारी डॉक्टर बसतात ते आधी विचारून जा, नाहीतर एसटीचं भाडं वाया जातं. वैद्यकीय महाविद्यालय जवळ असेल तर उत्तम. पुण्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत. या नावांनी लोक दचकतात, पण तिथेही बाह्यरुग्ण विभाग असतो आणि दाखवून संध्याकाळी घरी येता येतं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना फी नसते, पिणं सोडायची इच्छा एवढीच अट. करोनात या सभा ऑनलाइन झाल्या आणि त्यातल्या बऱ्याच तशाच चालू राहिल्या. त्याचा फायदा आखातात किंवा जहाजावर काम करणाऱ्या आपल्या माणसांनाही होतो.

आरोग्य विमा असेल तर पॉलिसी वाचा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने शारीरिक आजाराइतकंच मानसिक आजारालाही विमा द्यायला सांगितलं आहे. व्यसनाच्या उपचाराबद्दल मात्र कंपनीची अट काय आहे ते लेखी विचारून घ्या.

व्यसनमुक्ती केंद्र चांगलं की वाईट हे कसं ओळखायचं?

करोनानंतर गरज वाढली तशी केंद्रंही वाढली, आणि सगळीच चांगली नाहीत. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा एका ठिकाणी ठेवलं होतं. महिनाभर भेट नाही, फोन नाही. घरी आणला तेव्हा पाठीवर वळ होते. "शिस्त लावावी लागते" असं उत्तर मिळालं. घरी आल्यावर आठ दिवसांत तो परत प्यायला लागला आणि पुढे दीड वर्ष कुठल्याही केंद्राचं नाव काढू देईना.

म्हणून आधी जाऊन बघा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवा म्हणा. मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात ते विचारा. रात्री फिट आली तर काय करता ते विचारा. आत राहणाऱ्या दोघा-तिघांशी बोलू द्या म्हणा, आणि बोलताना कर्मचारी शेजारी उभा राहिला तर त्यातून समजा. भेटायला बंदी, कुलूपबंद खोल्या, उचलून न्यायला गाडी पाठवतो म्हणणारे, शंभर टक्के हमी देणारे: इथून उठा.

कायदा तुमच्या बाजूला आहे. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक स्थिती २०१७च्या कायद्याने मानसिक आजारात धरल्या आहेत. रुग्णाला साखळीने बांधता येत नाही. त्याला घरच्यांशी बोलायचा हक्क आहे. त्याच्या मनाविरुद्ध दाखल करायचं तर तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते आणि मुदतीचं बंधन असतं. नुसत्या बायकोच्या सहीवर माणसाला उचलून नेता येत नाही. तक्रार मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे करता येते.

माळ घातली, श्रावण पाळला, तर सुटते का?

माळेने सुटलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्यापुढे हात जोडते. माळ घातली की संगत बदलते, संध्याकाळ भजनात जाते, गावाचं लक्ष असतं. हे सगळं उपचारातही हवंच असतं. फक्त रोज सकाळी हात थरथरणाऱ्याने माळ घालायच्या आधी डॉक्टरला दाखवावं, नाहीतर दुसऱ्या दिवशी फिट यायची. श्रावणाचं वेगळं आहे. महिनाभर सोडून भाद्रपदात दुपटीने पिणारा माणूस "मी कधीही सोडू शकतो" असा दाखला जवळ बाळगतो.

गंडा-दोऱ्याला, बाबाच्या पाण्याला पैसे देऊ नका.

सासूबाई करोनातून बऱ्या होऊन आल्या, पण झोप गेली. आता झोपेची गोळी सुटत नाही.

हे व्यसन कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ते चिठ्ठीवरून सुरू होतं. अतिदक्षता विभागातून आलेल्या पुष्कळ लोकांना नंतर भास, दचकून जागं होणं, यंत्राचा आवाज ऐकू येणं असा त्रास झाला. तेव्हा पंधरा दिवसांसाठी दिलेली गोळी मेडिकलवाल्याच्या ओळखीने वर्षानुवर्षं चालू राहिली. ती एकदम बंद करू नका, दारूसारखंच इथेही अचानक तोडलं तर फिट येऊ शकते. डॉक्टर हळूहळू उतरवतात. आणि त्यांना विचारा की रात्री नेमकं काय आठवतं. कुणी विचारलेलंच नसतं.

बाईच पीत असेल तर?

उपचार तेच, लपवणं दसपट. पुरुषाला घरचे ओढत का होईना नेतात, बाईला माहेरी सोडून येतात. पिणाऱ्या एका बाईला गटात आणायला आम्हाला सहा महिने लागले, आणि आल्यावरही ती पहिले कितीतरी गुरुवार दाराजवळच बसायची. मिश्री आणि तंबाखूला तर आपण व्यसन म्हणतच नाही.

मुलगा रात्रभर मोबाईलवर असतो. हेही व्यसन का?

सगळंच नाही. पण शाळा, झोप, जेवण, मित्र सगळं सुटून फक्त गेम उरला आणि हे बरेच महिने चाललं, तर त्याला आजार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या यादीत तो आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये बंदीचा कायदा केला, पण आधीचं कर्ज आणि ओढ कायद्याने जात नाही. रमीत हरलेला मुलगा घरी सांगत नाही. त्याच्यावर ओरडायच्या आधी पुढचं उत्तर वाचा.

तो "मी जीव देतो" म्हणतो. नाटक करतो का?

नाटक समजू नका. एकदाही नाही.

सरळ विचारा: "तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट आतलं बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका. घरातलं फवारणीचं औषध, उंदराचं औषध, गोळ्यांचा साठा कुलपात घाला किंवा शेजारी नेऊन ठेवा. तो क्षण अनेकदा थोडाच वेळ टिकतो आणि हाताशी काही नसेल तर टळतो. १४४१६ला फोन करा. काही करून बसला असेल तर १०८, आणि पोलिसांची भीती न बाळगता थेट रुग्णालय. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच २०१७चा कायदा मानतो, आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरवतो. केस होईल म्हणून घरीच मिठाचं पाणी पाजत बसण्यात माणसं गेली आहेत.

२०२१मध्ये देशात १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद झाली, सर्वांत जास्त महाराष्ट्रात, आणि चारातला एक जण रोजंदारीवरचा होता. हे आकडे मी गुरुवारी वाचून दाखवत नाही. पण ज्यांना "हे श्रीमंतांचे आजार" वाटतं त्यांच्यासाठी इथे लिहिले.

तो मारतो. आजारी आहे म्हणून सहन करायचं का?

नाही. व्यसन आजार आहे, मारहाण गुन्हा आहे. १८१ महिलांसाठी, ११२ पोलिसांसाठी, मुलांसाठी १०९८. मुलांना घेऊन रात्रीपुरतं कुठे जाता येईल ते ठरवून ठेवा. रेशनकार्ड, आधार आणि थोडे पैसे एका पिशवीत शेजारणीकडे असू द्या.

मुलांना काय सांगायचं?

खरं सांगायचं, त्यांच्या वयाला झेपेल एवढं. "बाबांना एक आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, आणि तू चांगलं वागलास म्हणून तो बरा होणार नाही." माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. बाबांनी प्यायचं थांबवावं म्हणून त्याने महिनाभर आवडतं श्रीखंड सोडलं होतं. मला ते फार नंतर कळलं.

उपचार घेतले, चार महिने नीट होता, काल परत प्यायला. सगळं पाण्यात गेलं का?

नाही गेलं. साखर वाढली म्हणून मधुमेहाच्या माणसाला कुणी घराबाहेर काढत नाही. घसरणं या आजारात होतंच, आणि पहिल्या वर्षात जास्त होतं. माझा नवरा दोनदा घसरला. एकदा दिवाळीच्या पाडव्याला, एकदा ज्या दिवशी त्याच्या मित्राचा टेम्पो हप्त्यापायी ओढून नेला त्या दिवशी.

आज काय करायचं ते सांगते. ओरडू नका. बरेच दिवस सलग प्यायला असेल तर स्वतःच्या मनाने तोडू देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. एकदाच प्यायला असेल तर उद्याच समुपदेशकाकडे न्या, आठवड्याने नको. आदल्या दोन दिवसांत काय झालं होतं ते दोघांनी मिळून कागदावर लिहा: कोण भेटलं, कुठला फोन आला, झोप झाली होती का, जेवला होता का. पुढच्या वेळी त्याला आणि तुम्हाला ते आधी दिसेल. बंद केलेल्या गोळ्या विचारून परत सुरू करा. आणि तुम्ही गुरुवारी या. तो आला नाही तरी या. साडेपाचला वर्ग उघडतो, चहा पावणेसहाला असतो.